ज्ञानाला वेस न मानणारा प्राध्यापक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप महाडच्या तळ्याकडे, काळाराम मंदिराच्या दाराकडे किंवा दिल्लीच्या संविधान सभेकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. आमच्या समाजाचे आजचे जगणे त्या प्रसंगांवरच उभे आहे. तथापि मुळशी तालुक्यातील रिहे येथून निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आम्ही थोडी निराळी वाट धरण्याचे ठरविले. ही स्मरणिका निवासी शाळेची आहे. तिच्या वाचकांत येथून शिकून गेलेले माजी विद्यार्थी आहेत आणि आपले लेकरू घरापासून दूर शिकावयास पाठविणारे आईवडीलही आहेत. म्हणून येथे आम्ही बाबासाहेबांतील शिक्षकाकडे आणि त्याहूनही अधिक त्यांच्यातील न थकणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहणार आहोत.

बाबासाहेब काही काळ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापक होते, पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. परंतु त्यांची ग्रंथसंपदा चाळली तर कायद्याच्या जोडीला रुपयाची किंमत, शेताचे तुकडे, प्रांतांचे नकाशे, नद्यांचे पूर, मानववंशशास्त्र, पाली व्याकरण आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा शास्त्रीय सिद्धान्त असे नाना विषय भेटतात. एवढ्या दूरदूरच्या विषयांत एकाच माणसाचे मन कसे रमले, आणि ते कशासाठी रमले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

नाकारलेली भाषा आणि मोकळे ग्रंथालय

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे प्रारंभीचे शिक्षण साताऱ्यास झाले. वर्गात वेगळे बसावयाचे, पाण्याला स्वतः हात लावावयाचा नाही, हा तेथील नित्याचा अनुभव. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावर त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य मुलाला ती भाषा मिळाली नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. आम्हांस हा प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. गावाला जशी वेस असते तशी ज्ञानालाही एक वेस घातलेली आहे, हे त्या मुलाने त्या दिवशी अनुभवले. पुढे प्रौढ वयात त्यांनी संस्कृत मिळविलेच. ज्या ग्रंथांच्या आधारे त्यांच्या पूर्वजांना बाहेर ठेवले गेले, ते ग्रंथ त्यांनी स्वतः उघडून तपासले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारसभेत गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि वेस प्रथमच मागे पडली. तेथे कोणत्या वर्गात बसावे यावर बंधन नव्हते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ व राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक वर्ग केले. एडविन सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग असून गटाबाहेर विवाह न होऊ देणे हे तिचे मूळ यंत्र आहे, अशी त्या निबंधाची मांडणी होती. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते.

न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० ग्रंथ गोळा केले होते, असे चरित्रकार सांगतात. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते महायुद्धाच्या धुमाळीत बुडाले. ग्रंथ गेले, परंतु वाचनाची भूक तशीच राहिली. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह हे घर त्यांनी पुढे बांधले, ते ग्रंथांसाठी जागा डोळ्यांपुढे ठेवूनच.

बाजार, रुपया आणि शेताचा तुकडा

बडोद्याच्या नोकरीत सोसाव्या लागलेल्या अपमानांनंतर मुंबईत आलेल्या बाबासाहेबांना नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. त्यांची व्याख्याने ऐकावयास इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी काढून येत. त्याच प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास मात्र काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. कीर्ती आणि कलंक एकाच इमारतीत त्यांच्या वाट्यास आले.

१९१८ सालीच त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे एकत्र केले, धारणक्षेत्र वाढविले की शेती सुधारेल, असे त्या वेळचे बहुतेक विद्वान सांगत. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा करून पाहिला. जमीन किती आहे एवढेच मोजून भागत नाही. तिच्यावर भांडवल किती लागते आणि किती माणसांचा भार आहे हेही मोजले पाहिजे. अवजारे व बैल नसलेल्या शेतकऱ्याला मोठे शेतही तोट्याचेच ठरेल. शेतीवर पोट भरू पाहणारी जास्तीची माणसे उद्योगधंद्यांकडे वळल्याखेरीज तुकड्यांचा रोग हटणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुळशीत भावाभावांत वाटल्या गेलेल्या भातखाचरांकडे पाहणाऱ्या आणि डोंगरापलीकडे हिंजवडीस कामासाठी जाणाऱ्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

साठविलेला पगार, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री उशिरापर्यंत खोलीतील दिवा, आणि जेवण म्हणावे असे जवळजवळ काही नाही, अशा स्थितीत त्यांनी रुपयाच्या समस्येवरील प्रबंध सिद्ध केला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली आणि तो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. गुरूंना शिष्याची सर्वच मते मान्य नव्हती. तरीही त्यांनी ती लिहिली, हे दोघांनाही शोभादायक आहे.

त्या ग्रंथात नाणे आणि विनिमय दर यांची चर्चा असली तरी तिचा गाभा साधा आहे. सरकारला हवे तेवढे चलन पाडता येऊ नये. चलनाला मर्यादा नसेल तर बाजारभाव चढतात. १९२५ च्या डिसेंबरात शाही चलन आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांची नजर याच ठिकाणी होती. रुपया स्वस्त केला की भाव वाढतात. मजुराची मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून जातो. विनिमय दरासारख्या कोरड्या विषयात त्यांनी माणसाचे ताट पाहिले.

विधी महाविद्यालयातील वर्षे

१९२३ च्या उन्हाळ्यात बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार सहजी येत नसत. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. बाजार आणि कायदा हे त्यांचे दोन्ही विषय तेथे एकत्र आले. जून १९२८ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

१९३५ च्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि विधिशास्त्राचे पेरी प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले, तेव्हा माता रमाईंना जाऊन अवघे काही दिवस झाले होते. २७ मे १९३५ हा त्यांचा निर्वाणदिन. घरातील तो अंधार उरात ठेवूनच त्यांनी नवे काम हाती घेतले. प्राचार्य म्हणून त्यांनी ग्रंथालयाकडे विशेष लक्ष दिले. १९३६ साली महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी विधिशिक्षणाच्या सुधारणेवर लेखही लिहिला. केवळ कलमे पाठ करणारा वकील त्यांना अपुरा वाटे. कायदा ज्या समाजाला लागू होतो त्या समाजाचे व्यापक ज्ञान वकिलापाशी असले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. मे १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

याच काळात हे प्राचार्य स्वतः एका दाव्यात प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी व हजारो अनुयायांनी प्राशन केले, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर स्पृश्य रहिवाशांनी त्यांच्याविरुद्ध दावा लावला आणि तो दहा वर्षे चालला, याचे स्मरण फारसे केले जात नाही. त्या दाव्यात भावनेच्या भाषणांना स्थान नव्हते. चार ते पाच एकरांचे ते तळे कोणाच्या मालकीचे, भोवतीचे रस्ते कोणाचे, काठावरील जमिनीचे पट्टे व पायऱ्या कोणाच्या, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी खरोखर अनादी आहे काय, हे प्रश्न पुराव्याने सोडवावयाचे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तशी अनादी रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. ओंजळभर पाण्याचा हक्क टिकविण्यासाठी मोजणी, मालकी आणि इतिहास यांचा अभ्यास लागतो, हे या खटल्याने दाखविले.

नकाशे आणि नद्या

नकाशाकडे बाबासाहेब कसे पाहत, हे समजण्यासाठी आपल्या जुन्या गावाचा नकाशा आठवावा. मध्ये गाव, भोवती गावकूस, आणि कुसाबाहेर आपली वस्ती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी ही वस्ती मुळातच बाहेर का, या प्रश्नापासून आरंभ केला. वसतीची जागा हा त्यांच्या दृष्टीने इतिहासाचा पुरावा होता.

देशाच्या नकाशाकडेही ते याच दृष्टीने पाहत. १९४० साली पाकिस्तानच्या मागणीवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पंजाब, बंगाल व आसाम यांचे नकाशे आणि जिल्हावार लोकसंख्येचे तक्ते जोडले. फाळणी व्हावी की न व्हावी यावर देश घोषणा देत असताना हा अभ्यासक रेषा कोठून जाईल आणि तिच्या दोन्ही बाजूंस कोण उरेल याचा हिशेब मांडीत होता. सात वर्षांनी ती रेषा खरोखरच आखली गेली.

१९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवर त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यातही नकाशे आहेत. उत्तर प्रदेशाचे तीन आणि बिहारचे दोन भाग करावेत, बिहारच्या दुसऱ्या भागाची राजधानी रांची असावी, हैदराबाद ही देशाची दुसरी राजधानी व्हावी, असे त्यांनी सुचविले. यामागे सामाजिक कारण होते. राज्य जेवढे मोठे तेवढी एका प्रबळ जातीची मक्तेदारी पक्की होते आणि लहान समाज दबले जातात, अशी त्यांची चिंता होती. २००० साली झारखंड राज्य झाले आणि त्याची राजधानी रांचीच ठरली. महाराष्ट्राचे चार भाग करावेत ही त्यांची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही. १९४८ साली त्यांनी स्वतः मुंबईसह एका महाराष्ट्राची बाजू मांडली होती; पुढे अधिक विचारांती मत बदलले आणि तो बदल उघडपणे मांडला. खरा जिज्ञासू आपल्या जुन्या मताचाही बंदी होत नाही, याचे हे उदाहरण आहे.

पाण्याचा विषयही त्यांच्या कक्षेत आला. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदी यांच्या पुरांचा प्रश्न पुढे आला तेव्हा त्यांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अभ्यास केला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी मांडलेला विचार आजही ताजा आहे. पुराचे पाणी जास्त झाले म्हणून ते समुद्रात घालवून देणे ही चूक आहे. पाणी ही संपत्ती आहे, तिची साठवण करून त्यापासून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, असे त्यांनी सांगितले. याच काळात केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. मुळशीच्या वाचकाला धरणाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी बुडणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. म्हणूनच नदीचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हा प्रश्न आमच्या मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकासोबत शिकला पाहिजे असे आम्हांस वाटते.

विज्ञानाची कसोटी आणि धम्म

बाबासाहेब प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नव्हते. पण शास्त्राची शिस्त त्यांनी पुरेपूर अंगी बाणविली. त्या काळी नाकाच्या मापावरून माणसांचे वंश ठरविण्याची पद्धत होती आणि त्यावरून जाती म्हणजे निरनिराळे वंश असे सांगितले जाई. बाबासाहेबांनी तीच मापे हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे स्पृश्य व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवून दिले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांवरील ग्रंथात, जो त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला, आर्य वंशाच्या सिद्धान्ताचीही अशीच उलटतपासणी आहे.

१९३४ साली संततिनियमनाचे शास्त्र लोकांना सांगणारे र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडावयास बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला. तरी शास्त्रीय माहिती म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

आणि शेवटी धम्म. केळुसकर गुरुजींनी पेरलेले बीज जवळजवळ पन्नास वर्षे वाढत होते. आमच्या रिह्यापासून फार दूर नसलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, ही या परिसराची पुण्याई. त्या वर्षांत ते बुद्ध आणि त्यांचा धम्म यांवरील आपल्या महान ग्रंथात गढलेले होते. त्यात पुनर्जन्माचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आत्म्याची कल्पना दूर ठेवली, आणि ऊर्जा नष्ट होत नाही या शास्त्रीय सिद्धान्ताशी बुद्धांची शिकवण ताडून पाहिली. धम्म बुद्धीच्या कसोटीला उतरतो, म्हणून तो स्वीकारावयाचा, ही त्यांची वृत्ती होती. शिवाय मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचता यावे यासाठी पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले. उतारवयात, मधुमेहाने शरीर थकले असताना, त्यांनी व्हायोलिन शिकण्यासही प्रारंभ केला होता. शिकण्याचे वय सरते, ही कल्पनाच त्यांना मान्य नसावी. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीपर्यंत धम्मग्रंथाचेच काम चालू होते.

आमच्या मुलांसाठी

एवढे विषय आणि एकच माणूस, याचे उत्तर आता देता येईल. रुपया असो, शेत असो, नकाशा असो वा नदी, प्रत्येक ठिकाणी ते एकच प्रश्न घेऊन गेले: या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो, आणि तो हलका कसा होईल? जिज्ञासा त्यांच्यासाठी विरंगुळा कधीच नव्हती. ज्यांना शतकानुशतके जाणून घेण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या वतीने ते जाणून घेत होते.

म्हणूनच जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढणे हे त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अगदी आरंभीचे काम होते, आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करताना त्यांनी कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही उघडली. निवासी शिक्षणाचे मोल त्यांनी जाणले होते. पोटापुरते अन्न, निजावयास जागा आणि वाचावयास दिवा एवढे मिळाले तर कुसाबाहेरचे मूल कोठवर पोहोचू शकते, हे त्यांनी स्वतःच्या देहाने सिद्ध केले होते.

आज आपल्या मुलांना कोणी संस्कृत नाकारीत नाही. परंतु एक नवी वेस हळूहळू उभी राहत आहे. ज्यातून लगेच नोकरी लागेल तेवढेच शीक, बाकीच्याचा तुला काय उपयोग, असे आपणच मुलांना सांगू लागलो आहोत. आईवडिलांची काळजी आम्ही समजू शकतो; घरची चूल पेटती राहिली पाहिजे. तरीही एखादी मुलगी नकाशापुढे रेंगाळली, एखाद्या मुलाने बाजारातील भाव का वाढले असे विचारले, तर त्यांना थांबवू नये, एवढीच आमची विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येताना एखादे पुस्तक शाळेच्या कपाटासाठी आणावे. ते कोणत्याही विषयाचे चालेल, कारण कोणता विषय कोणत्या मुलाला वेशीपलीकडे नेईल हे आधी सांगता येत नाही.

ज्ञानाला वेस न मानणाऱ्या या महान विद्यार्थ्याच्या, प्राध्यापकाच्या आणि आमच्या उद्धारकर्त्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!